गच्ची कोणाची?

बडोद्याच्या मांजलपुरात सौरऊर्जेला कोणाचाच विरोध नाही. विरोध आहे तो उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, गच्ची अडवण्याला. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या पॅनेलना ७८ हजारांचं अनुदान मिळतं. जागा मात्र साधारण ३०० चौरस फूट लागते, आणि तेवढ्यात दहा-बारा पतंगबाज, एक कर्कश स्पीकर आणि उंधियूचं पातेलं सहज मावतं. तंत्रज्ञानाची योग्यता तपासायचा इतका रोखठोक निकष ‘योग्य तंत्रज्ञाना’चा विचार मांडणाऱ्या अर्थतज्ज्ञ शूमाखरसाहेबांनाही सुचला नव्हता.

हसू नका. पॅनेल तापलं की वीज घटते, २५ अंशांपुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के. म्हणजे मे महिन्यात बडोद्याचा सूर्य उदार आणि पॅनेल चिक्कू. वर धूळ कोण पुसणार, हे माहितीपत्रकात छापायचं राहूनच जातं. याउलट जुनं, साधं तंत्र बघा: सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९२ साली, आजवा तलावाचं पाणी निव्वळ उतारावरून शहरात आलं. त्याला ना अ‍ॅप, ना ‘हरित’ बिल्ला; मग हरित तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनात स्टॉल तरी कोण देणार?

सोसायटीच्या सभेत अखेर ठराव झाला: पॅनेल जरूर बसवा, पण १३ जानेवारीला उतरवता येतील असेच.