दुसऱ्याचा मासा

"काल मला त्रेसष्टावा पेग आला, नेबर. संपलं सगळं," असं शेजारी कुंपणापलीकडून सांगतो, तेव्हा मराठी माणूस आधी त्याच्या पायांकडे बघतो. पाय स्थिर होते. डोळे मात्र भरून आलेले. हा पेग बाटलीतला नसून कालव्याच्या काठावर ठोकलेली नंबराची खुंटी आहे, हे कळायला मला महिना लागला. त्याआधी "मी कोर्स फिशिंग करतो" असं त्यांनी सांगितलं, तेव्हा रिटायर झालेल्यांसाठी सरकारनं एखादा वर्ग काढला असेल असं धरून मी "किती महिन्यांचा कोर्स आहे?" असं विचारलंही होतं. ते म्हणाले, "एकोणचाळीस वर्षं झाली."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नोकरीनिमित्त आम्ही जुन्या लँकेशरमधल्या विगनला राहत होतो. घराच्या मागं लीड्स-लिव्हरपूल कालवा. १७७० साली खणायला घेतला आणि १८१६ साली पुरा झाला, १२७ मैल. (आपल्याकडच्या कालव्यांची चेष्टा करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) त्यावरून कोळसा आणि कापसाच्या गाठी जात. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात मुंबईचा कापूस लिव्हरपूलला उतरला, त्यातली वऱ्हाडातली एखादी गाठ माझ्या परसदारावरून गेली असेल या विचारानं मला उगीच आपलं वाटायचं. समुद्र पुष्कळ लांब असूनही गावात 'विगन पिअर' आहे. म्हणजे होड्यांत कोळसा ओतायचा धक्का. त्याला पिअर म्हणणं हा गावाचा जुना विनोद; ऑरवेलनं पुस्तकाच्या नावात घेतला तो १९३७ साली, आणि तोवर धक्का पाडूनही झाला होता.

आमच्या घरात शेजाऱ्यांचं नाव गळोजीराव. खरं नाव सांगायची गरज नाही. त्या काठावर दर रविवारी पाच-पन्नास गळोजीराव बसलेले असत. 'कोर्स'चा अर्थ त्यांनीच मला समजावला. इंग्रजांनी माशांतही वर्ण पाडले आहेत. सामन आणि ट्राउट उच्चकुलीन. ते धरायचे जमीनदारांनी आणि साहेबांनी. बाकी गोड्या पाण्यातले रोच, पर्च, ब्रीम, गजन हे सगळे 'कोर्स', म्हणजे जाडेभरडे. ते धरायचे खाणकामगारांनी आणि गिरणीवाल्यांनी. गळोजीरावांनी तीस वर्षं खाणीत काढलेली. "साहेबाचा मासा मूर्ख असतो," ते म्हणायचे. "पिसाला तोंड लावतो. आमचा रोच आधी चौकशी करतो."

त्या चौकशीला उत्तर म्हणून अळ्या. दुकानात त्या दुधासारख्या पाइंटवर मिळत. पांढऱ्या, लाल रंगवलेल्या, बारीक, जाड. कोशात गेलेल्या वेगळ्या, त्यांचा भाव वेगळा. शिवाय भांगेचं बी, उकळून फुटेपर्यंत शिजवलेलं. हे सगळं फ्रीजमध्ये, लोण्याच्या शेजारी. त्यांच्या बाईंनी एकदा आइस्क्रीमच्या डब्यातून आमच्याकडे ॲपल पाय पाठवला. डबा रिकामा परत करायचा नाही या संस्काराला जागून आमच्या सौ.नं त्यात साबुदाण्याची खिचडी भरून दिली. संध्याकाळी गळोजीराव डबा हातात घेऊन दारात उभे, आवाज सद्गदित. "नेबर, इतकी स्वच्छ अळी मी आयुष्यात बघितली नाही." पुढं ती त्यांनी खाल्ली की कालव्याला घातली, हे विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही.

स्पर्धेची रीत अशी. सकाळी पिशवीत हात घालून चिठ्ठी काढायची. येईल त्या नंबरच्या खुंटीवर पेटीसकट बसायचं. शिट्टी झाली की पाच तास मासे धरायचे आणि पाण्यात सोडलेल्या लांब जाळीत जिवंत ठेवायचे. शेवटी तराजू येतो. पौंड, औंस, आणि औंसाचा सोळावा भाग तो ड्रॅम. म्हणजे पावणेदोन ग्रॅम. आपल्याकडे इतकं काटेकोर फक्त सोनार तोलतो, आणि तोही गिऱ्हाईक बघतंय म्हणून. सगळ्यांना हवी असते ती टोकाची खुंटी. शेजारी एकाच बाजूला, त्यामुळं बिथरलेले मासे पलीकडच्या मोकळ्या पाण्यात सरकतात आणि ते पाणी टोकावरच्याचं. गळोजीरावांना एकोणचाळीस वर्षांत टोक आलं नव्हतं. लग्नाचा वाढदिवस ते विसरत, पण १९६७च्या नोव्हेंबरात कुठल्या खुंटीवर किती औंस निघाले हे तोंडपाठ.

आणि कारणं! होडी गेली, पाणी ढवळलं. होडी गेलीच नाही, पाणी निवळशंख राहिलं. वरचं लॉक उघडलं, पाण्याला ओढ लागली. बदकं. समोरच्या बाईंनी पडदा झटकला. १९८७ साली गळाच्या दोरीला वजन म्हणून लावायच्या शिशाच्या बारीक गोळ्यांवर बंदी आली, कारण हंस त्या गिळून मरत. त्यावर गळोजीराव म्हणाले, "हंस वाचले, माझा हात गेला." एकदा मात्र कारण खरं होतं. त्यांचा अकरा मीटरचा कार्बनचा पोल, जुन्या मोटारीच्या किमतीचा. मासा लागला की तो मागं सरकवत आणायचा, म्हणजे निम्मा पोल पायवाटेवर आडवा. पूर्वी तिथून होड्या ओढणारे घोडे जात. आता सायकली जातात. कट्कन आवाज झाला. सायकलवाला "सॉरी" म्हणून निघून गेला. गळोजीराव हातातल्या साडेचार मीटरकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मासा चांगला होता."

जगातले सगळे गळवाले मासा वाढवून सांगतात. गळोजीरावांचं वैशिष्ट्य असं की ते दुसऱ्याचा वाढवून सांगत. स्वतःचे अकरा औंस म्हणजे अकराच, ड्रॅमचीही लबाडी नाही. पण ज्याच्याशी हरले, त्याची जाळी दर सांगण्यागणिक जड होई. शेजारच्या ली गावचा केव्हिन ॲशहर्स्ट १९८२ साली जगज्जेता झाला. त्याआधी कधीतरी आपण त्याच्यापासून आठ खुंट्या सोडून बसलो होतो, असं गळोजीरावांनी मला प्रथम सांगितलं. नाताळपर्यंत तीन खुंट्या उरल्या. मी विगन सोडलं तेव्हा ते अगदी शेजारी येऊन बसले होते.

आमची आई दापोलीहून आली, तेव्हा हौसेनं सामना बघायला नेली. पाच तास शाल गुंडाळून बसली. तोलून झालं आणि गळोजीरावांनी जाळी उलटी करून मासे पाण्यात सोडून दिले. आई उठून उभी राहिली. "सोडायचेच होते तर धरलेन कशाला?" मी भाषांतर केलं. गळोजीराव विचारात पडले आणि म्हणाले, "त्यांना सांग, पुढच्या रविवारी लागतात." आईनं त्यांच्यात एकच गोष्ट मान्य केली. मार्चच्या मध्यापासून १५ जूनपर्यंत कायद्यानं मासेमारी बंद, आणि १६ला पहाटे ते नवी टोपी घालून पाण्याला नमस्कार केल्यासारखे उभे राहत. "त्याची नारळी पौर्णिमा दिसत्ये," ती म्हणाली.

शेवटच्या वर्षी त्यांनी मलाही उतरवलं. लायसन्स काढून दिलं, नातवाची छोटी काठी दिली. मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचलो. चिठ्ठ्या काढून झाल्या होत्या, आणि गळोजीराव रांगेच्या शेवटी पेटीवर बसून थरथरत होते. टोक आलं होतं! उशिरा आलेल्याचं काय करायचं, यावर पंचांनी डोकं खाजवलं, वीस पावलं मोजली, आणि त्यांच्या पलीकडे माझी खुंटी ठोकली.

ते माझ्याकडे बघेनात. अळीला हात लावायचं मला होईना, म्हणून मी डब्यातल्या पोळीचा तुकडा मळून गरीला लावला. लहानपणी ओढ्यावर तेच करायचो. दीड वाजेपर्यंत काही नाही. मग दोरीवरचं बूच बुडालं, ते वर येईचना. ब्रीम. १ पौंड १४ औंस. गळोजीरावांचे सगळे मिळून १ पौंड ६ औंस. तिसऱ्या नंबरचं पाच पौंडांचं पाकीट मला मिळालं आणि चौथा नंबर त्यांना. मी पाकीट त्यांना देऊ केलं, तर जाळी धुता धुता म्हणाले, "नको. दोन पौंडांचा तरी होता तो."

आम्ही भारतात परतल्यावर दर नाताळला त्यांचं कार्ड यायचं. पहिल्या वर्षी 'तुझा अडीच पौंडी ब्रीम अजून आठवतो' असं होतं. मग तीन, मग पावणेचार. २००० साली बहुतेक कालव्यांवरची उन्हाळी बंदी उठली, त्या वर्षीच्या कार्डात बंदी उठवणाऱ्यांना चार ओळी आणि माझ्या ब्रीमला साडेचार पौंड. शेवटचं कार्ड त्यानंतर दोन वर्षांनी आलं. अक्षर हललेलं होतं. ब्रीम सव्वापाच पौंडांचा झाला होता, आणि तो एका भारतीयानं जगज्जेत्याच्या शेजारी बसून धरला होता.