दादासाहेबांचे लष्करी सल्लागार

सीरियात कोण कोणाच्या बाजूने लढले, हे समजावताना टीव्हीवरच्या तज्ज्ञांना नकाशा, बाण आणि चार रंग लागतात. नाशिककरांना गंगापूर रोडवरची आनंदवल्ली पुरते.

पुतण्या माधवराव पेशव्यांशी बिनसले की राघोबादादा इथेच, गोदाकाठी येऊन रुसून बसत. गावाला नाव पत्नी आनंदीबाईंचे. १७६८ मध्ये हा रुसवा धोडप किल्ल्याखालच्या लढाईपर्यंत गेला. पुतण्याने काकांना हरवून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. तोवर भांडण घरातले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे यांचा खून झाला, गादी दादांकडे आली, पुढे पुण्याच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, दादांचे आसन खेचले, आणि दादांना ‘आंतरराष्ट्रीय समुदाया’ची आठवण झाली.

मार्च १७७५ मध्ये सुरतेला करार झाला. इंग्रजांनी अडीच हजारांची फौज द्यायची. दादांनी दरमहा दीड लाख रुपये मोजायचे, सहा लाखांचे जवाहीर गहाण ठेवायचे, वर मुंबईशेजारची साष्टी आणि वसई द्यायची. साष्टीतला ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच घेतला होता. भाडेकरारावर सही होण्याआधी डिपॉझिट खिशात घालणारे घरमालक आजही भेटतात, पण ते निदान तोफा आणत नाहीत. पुढे कलकत्त्याच्या वरिष्ठांनी हा करारच नामंजूर केला. १७७६ च्या पुरंदरच्या तहात इंग्रजांनी दादांना सोडले. साष्टी सोडली नाही.

बारभाईंतले नाना फडणवीसही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात आला, तेव्हा नानांनी त्याची अशी सरबराई केली की मुंबईच्या इंग्रजांना घाम फुटला. फ्रेंच फौज काही आली नाही. पण एका महासत्तेला नमवायचे तर दुसरीचा पाहुणा ओसरीवर दिसला पाहिजे, एवढे नाना जाणून होते. तिकडे फ्रान्स अमेरिकेतल्या बंडखोरांना बंदुका पुरवत होता, तोही काही लोकशाहीच्या प्रेमापोटी नव्हे.

तरी इंग्रज पुन्हा दादांना घेऊन पुण्यावर निघाले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला ही फौज मराठ्यांच्या कोंडीत सापडली आणि शरण आली. युद्ध मात्र रेंगाळले ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत. दादांच्या पदरी दरमहा पंचवीस हजारांचे पेन्शन आणि कोपरगाव. तिथेच पुढल्या वर्षी त्यांचे निधन झाले. साष्टी? इंग्रजांकडेच.

सीरियाच्या बशर अल असद यांचे कोपरगाव म्हणजे मॉस्को. २०१५ पासून रशियन विमाने त्यांच्यासाठी लढली, अमेरिकेने विरोधकांना आणि कुर्दांना शस्त्रे दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये असद पळाले. त्यांच्या जागी आलेल्या ज्या अहमद अल शरा यांच्यावर अमेरिकेने एक कोटी डॉलरचे इनाम लावले होते, त्यांना नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हाइट हाउसचे दार उघडले. त्याच्या महिनाभर आधी ते क्रेमलिनमध्ये पुतिन यांच्याशी हस्तांदोलन करून आले होते. असद त्याच शहरात आश्रयाला आहेत. रशियाला काळजी सीरियातल्या आपल्या तार्तूसच्या नाविक तळाची.