कोकोभाऊ

वसईच्या वाड्यांमधून एक खास जातीचा माणूस आढळतो. त्याला पिकवण्याची हौस असते, विकण्याची कमी, खाण्याची त्याहून कमी. त्याचा जीव असतो दाखवण्यात. तुम्ही आगाशीला लग्नाची पत्रिका द्यायला गेलात तरी चपला काढायच्या आत तो म्हणतो, "थांबा, आधी वाडी बघून घ्या." मग बावखलाचं तळं, पानवेल, जायफळाचं एकुलतं एक झाड, आजोबांच्या रहाटाचं मोडकं चाक, असं करत पाऊण तासानं पाणी मिळतं. पत्रिका खिशातच राहते.

आमचे कोकोभाऊ याच जातीचे. हे नाव अलीकडचं. २००३च्या सुमारास व्हॅनिलाचे भाव आभाळाला भिडले तेव्हा ते व्हॅनिलाभाऊ होते. व्हॅनिलाच्या फुलाचं परागीभवन आपल्याकडे हातानं करावं लागतं, म्हणून रोज सकाळी टूथपिक घेऊन वेलीपाशी उभे असायचे. शेंगा धरेपर्यंत भाव जमिनीवर आला. पुढे काही वर्षं ते ड्रॅगनफ्रूटभाऊ होते. मग एका यात्रा कंपनीबरोबर केरळला गेले आणि इडुक्कीच्या एका मळ्यात त्यांना साक्षात्कार झाला. कोकोचा नव्हे, तिकिटाचा. "अरे, झाडं बघायचे माणशी पैसे घेतात!" हे सांगताना त्यांचा आवाज आजही कापरा होतो. जे त्यांच्या तीन पिढ्यांनी फुकट केलं, ते तिथं पावती फाडून चालत होतं.

येताना वहिनींसाठी साडी आणायची राहिली, पण कोकोची दोन रोपं गाडीत त्यांच्या सीटवर बसून आली. भाऊ स्वतः रात्रभर दाराशी उभे होते.

तेव्हापासून भाऊंना इतिहासाबद्दल एक तक्रार आहे. "१५३४ साली बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. दोनशे वर्षं राहिले लेकाचे. मिरची आणली, काजू आणला, पपई आणली, अननस आणला. कोको तेवढा विसरले! आणि मग १८२२ साली ब्राझीलहून नेऊन लावला कुठं? आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर!" इथं ते बोटांवर हिशोब करतात. "चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला १७३९ साली. म्हणजे फक्त त्र्याऐंशी वर्षं चुकली." चिमाजी अप्पांनी थोडं दमानं घ्यायला हवं होतं असं ते उघड म्हणत नाहीत, दर मे महिन्यात किल्ल्यातल्या पुतळ्याला हार घालणारा माणूस कसं म्हणेल? पण हार घालताना एक उसासा मात्र टाकतात.

"कोकोला लागतं काय? सावली आणि ओलावा. नारळी-पोफळीखाली आनंदानं वाढतो. कॅडबरीनं वायनाडात १९६५ साली सुरुवात केली. कॅम्पको ही सहकारी संस्था १९७३ साली निघाली, पुत्तूरला १९८६ साली चॉकलेटचा कारखाना उभा राहिला. आणि वसई? वसई अजून वालाच्या शेंगेत अडकलीय!"

दोन रोपांपैकी एक अर्नाळ्याकडच्या खाऱ्या वाऱ्यानं दुसऱ्याच वर्षी गेलं. भाऊंनी ते उपटलं नाही. फाटकावर 'कोको पर्यटन' असा फलक लागला तेव्हा दौऱ्यात दोन थांबे झाले: एक जिवंत कोको आणि एक स्वर्गीय कोको. विरार लोकलमधून चेंगरून आणि पुढं शेअर रिक्षात चौथ्या सीटवर बसून आलेली मुंबईची मंडळी दोन्हींपुढं फोटो काढत. फुलं आणि फळं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडालाच फुटतात हे बघून पोरं ओरडत, "काका, फणसासारखं!" भाऊंचा चेहरा पडे. एवढं परदेशी झाड, आणि उपमा फणसाची.

पहिल्या बहराला तीन फळं धरली. एकेका फळात तीस-चाळीस बिया, भोवती पांढरा, आंबटगोड गर. भाऊंनी पाहुण्यांना गर चाखायला दिला आणि बिया थुंकायला ताटली पुढं केली. या बिया पाच-सहा दिवस आंबवाव्या लागतात, तेव्हा कुठं चॉकलेटचा वास धरायची तयारी होते. त्यासाठी मोठा ढीग हवा, कारण तो आतल्या आत तापायला हवा. शंभर बियांचा ढीग कसला तापतोय! भाऊंनी त्या थर्मासमध्ये घातल्या. दोन दिवसांनी घरात असा आंबूस वास सुटला की शेजारून विचारणा आली, कुणी गेलं का?

शेवटी वहिनी उठल्या. त्यांचं माहेर सुकेळ्यांचं. पिकली राजेळी सोलून दिवसभर उन्हात, संध्याकाळी केळीच्या सुक्या पानांत लपेटून टोपलीत, सकाळी पुन्हा उन्हात. हात लावून कळायचं आत ऊब धरली की नाही. त्यांनी बिया केळीच्या पानात बांधल्या, चुलीशेजारी ठेवल्या, एक दिवसाआड हलवल्या. बिया तपकिरी झाल्या. भाऊंनी मोबाईलवर बघून जाहीर केलं, "घानामध्येसुद्धा केळीच्याच पानात झाकतात!" वहिनी म्हणाल्या, "मग मी घानाचीच असेन."

वाळवणं, भाजणं, सुपात पाखडणं सगळं वहिनींच्या सुपाऱ्या-सुकेळ्यांच्या हिशोबानं झालं. दळायला मात्र भाऊंनी डोशाचा ग्राइंडर लावला, तोही दोन दिवस दोन रात्री. त्या काळात नाश्त्याला पाव. पुढचे आठ दिवस डोसे तपकिरी. हाती जे चॉकलेट आलं ते काडेपेटीएवढं. भाऊंनी ते ब्लेडनं कापलं, अकरा पर्यटकांना उजव्या हातावर ठेवलं. लोकांनी ते डोळ्यांना लावलं आणि डोक्यावरून हात फिरवला. एका आजींनी विचारलं, "तीर्थ नाही का?"

गेल्या महिन्यात मी पाहुणे घेऊन गेलो. झाडावर या मोसमातलं एकच फळ उरलं होतं. भाऊंनी आठवडाभर आधी फोनवर त्याची तब्येत कळवली होती. आम्ही झाडापाशी पोचलो, तर फळाला रुपयाएवढं भोक. आत गराचा पत्ता नाही. खाली मातीत बिया विखुरलेल्या. फांदीवर एक खार मिशा पुसत बसलेली.

माझ्या पोटात गोळा आला. भाऊ क्षणभर गप्प झाले. मग खाकरले.

"बघा! भाग्यवान आहात. कोकोचं फळ पिकलं तरी आपणहून फुटत नाही, पडत नाही. रानात माकडं आणि खारी ते फोडतात, गोड गर खातात, कडू बिया टाकून देतात. त्याच रुजतात. मंडळी, हा कोकोचा मूळ कारखाना, आणि ही," त्यांनी वर बोट केलं, "मालकीणबाई!"

टाळ्या पडल्या. खार पळाली. कॅमेरे तिच्यामागं धावले.

निघताना पाहिलं, फाटकावरच्या फलकावर खडूनं नवी ओळ चढत होती: 'सकाळी ७ ते ८: खार.'

"अहो," वहिनी ओट्यावरून म्हणाल्या, "आणि खार नाही आली तर?"

भाऊंनी खडू झटकला. "मग भोक दाखवू."