खालून तिसरी ओळ

तुम्ही त्यांना ओळखता. तुमच्या गावात त्यांचं नाव वेगळं असेल, आमच्या मानोऱ्यात ते गॅझेटियरकाका. परवा स्टँडवरच्या टपरीवर कोणीतरी नुसतं म्हणालं, "औंदा तुरीले भाव नाही." झालं! काकांनी बशी खाली ठेवली, बोट जिभेला लावलं, हवेतलं एक पान उलटलं आणि डोळे मिटून म्हणाले, "हिंदुस्तानात पयली तूर कुठी पेरली, मालूम हाय? मानोऱ्यात. अकोला गॅझेटियर, पान दोनशे चवदा, खालून तिसरी ओळ."

सगळं कायम खालून तिसऱ्या ओळीत. लग्नाच्या पंगतीत भात कच्चा राहिला, तर इकडच्या पाण्यात भात साडेअकरा मिनिटं उशिरा शिजतो, असं एका इंग्रज साहेबानं लिहून ठेवलेलं असतं. खालून तिसरी ओळ. एका मयतीला बसायला गेलो होतो. काका हळूच म्हणाले, "आपल्या तालुक्यात मंगळवारी जाणारे शेकडा साडेतेरा." वरचा तो अर्धा माणूस कोण, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. रडणाऱ्या बाया मात्र क्षणभर थांबल्या. वार आठवत होत्या.

काकांची खुबी अशी की ते पाऊण भाग खरं सांगतात. अकोला जिल्ह्याचं गॅझेटियर १९१० साली छापलं गेलं, हे खरं. १ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आपण अकोल्यात, हेही खरं. पुस्तक जुनं, इंग्रजी आणि टपरीवरच्या एकाच्याही घरात नाही; काकांना आणखी काय पाहिजे? अजिंठ्याचं सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं कोरवून घेतलं, आणि त्या वाकाटकांचं वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम, इथपर्यंत काका इतिहासाच्या प्राध्यापकासारखे बोलतात. मग बोट जिभेला जातं. "अजिंठ्याले जाता जाता मंत्र्याचा मुक्काम मानोऱ्यात पडला."

"काका, वाशीमहून अजिंठा मावळतीकडे, मानोरा उगवतीकडे."

"मंत्र्याले काय घाई होती?"

पोहरादेवीबद्दल मात्र ते अक्षर इकडचं तिकडं करत नाहीत. सेवालाल महाराजांचं ठिकाण, त्यात रामनवमीला अख्खा बंजारा समाज तिथं लोटतो. चूक काढणारे फार. आणि शकुंतला रेल्वेचं नाव काढलं की गप्प बसतात. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणाऱ्या त्या अरुंद रुळांची मालकी देश स्वतंत्र झाल्यावरही कित्येक वर्षं इंग्रजी अमदानीतल्या खासगी कंपनीकडेच होती. "हे सांगू नोको," काका मला म्हणाले, "लोकायले खोटं वाटन."

एकेकदा वाटतं, ह्या माणसाचा जन्म चुकीच्या गावात झाला. पुलंनी मराठी वाङ्मयाचा 'गाळीव इतिहास' लिहिला तर महाराष्ट्रानं तो डोक्यावर घेतला. जर्मनीत डॉक्टरांच्या एका भारदस्त वैद्यकीय कोशात १९८३ साली दगड खाणाऱ्या उवेची नोंद गंभीर चेहऱ्यानं छापली होती. पुढं संपादकांनी ती काढली, तर वाचकांनीच ओरड केली आणि १९९७ साली ऊ परत कोशात आली. आमच्या काकांना मात्र लोक सरळ फेकू म्हणतात. म्हणणारे कोण? 'युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात पहिलं ठरवलं' म्हणून सकाळी सकाळी मोबाइलवर पाठवणारे! काका निदान पान सांगतात, ओळ सांगतात. कोणी उठून अकोल्याला गेला असता तर काका त्याच दिवशी पकडले गेले असते. इतक्या वर्षांत कोणी गेलं नाही. मीही नाही, आणि जावंसं वाटत नाही, हे कबूल करायला मला जड जातंय. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड आहेत. त्यात मानोऱ्याच्या वाट्याला असून असून किती येणार? काकांच्या गॅझेटियरात मात्र पानोपानी मानोराच.

गेल्या महिन्यात श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायला त्यांच्यासोबत सेतू केंद्रावर गेलो. आधार कार्डावर जन्मतारीख, १ जून. त्यांच्या वयाच्या निम्म्या मानोऱ्याची हीच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती.

"खरी कोणती, काका?"

बोट जिभेपर्यंत गेलं आणि तसंच खाली आलं. "माय सांगे, कापूस येचनं चालू होतं. वावरातून घरी आली न मी झालो. साल तिले काय मालूम?"

१ जूनला आमच्याकडं वावरात सरकीसुद्धा पडलेली नसते. मी पेन हातात धरून तसाच बसलो. मागच्या माणसानं रांगेतून आवाज दिला.

"लिह्य न बे, एक जून," काका म्हणाले. "सरकारी शिक्का हाय. खरंच असन."