एका इंचावर एक इंच फुकट

ह्यूस्टनच्या आसपास मराठी मंडळाचा कोणताही कार्यक्रम असू दे, पार्किंगमध्ये टोयोटा-होंडांच्या शिस्तीच्या रांगेत एखादं धूड उभं असतंच. शेपूट आखलेल्या रेघेच्या दीड हात बाहेर. शेजारी एक गृहस्थ एका हातात चहाचा पेला धरून दुसऱ्या पायाने पुढच्या टायरला हळूच ढोसत असतात. तेच पिकअपराव. त्यांचं खरं नाव सांगून उपयोग नाही, कारण आता त्यांच्या घरच्यांखेरीज ते कोणाला आठवत नाही.

मूळचे हे डोंबिवलीचे. ज्या माणसाने आयुष्यातली पहिली पंचवीस वर्षं लोकलमध्ये दीड फुटाच्या जागेत चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून काढली, त्याला एकोणीस फूट लांबीची गाडी कशाला लागावी, असं कोणीही विचारेल. माझ्या मते तेच उत्तर आहे. पण ते स्वतः कारण देतात हार्वे वादळाचं. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वेने ह्यूस्टन बुडवलं, तेव्हा त्यांची मोटार घरासमोर उभ्या उभ्या पोटापर्यंत भिजली आणि विमावाल्यांनी ती मेल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी त्यांनी पडवीत उभं राहून शपथ घेतली की यापुढे उंच गाडीच घ्यायची. पुढे यथावकाश, म्हणजे अठरा महिने भाव बघून, त्यांनी २०१८ सालची जुनी एफ-१५० घेतली. फोर्डची ही एफ मालिका अमेरिकेत १९७७ पासून सर्वांत जास्त खपणारी पिकअप आहे. हा आकडा ते अशा थाटात सांगतात, की त्यातल्या निदान निम्म्या तरी त्यांच्याच सल्ल्याने खपल्या असाव्यात.

गाडी आली. पहिल्या आठवड्यातच त्यांना दिसलं, की तिचं नाक खाली आणि मागची बाजू वर आहे. साष्टांग नमस्कारासाठी वाकलेल्या माणसासारखी. पिकअप कारखान्यातूनच तशी येते. मागच्या हौद्यात माल भरला की मागची बाजू दबते आणि गाडी सपाट होते, हा त्यातला हिशेब. पिकअपरावांच्या हौद्यात तेव्हा तांदळाच्या दोन पिशव्या आणि मुलाची सायकल एवढाच माल होता. त्यामुळे गाडी कायम वाकलेलीच. "एवढे पैसे देऊन हिने कुणापुढे वाकायचं?" असं म्हणून त्यांनी लिफ्ट किटचा शोध सुरू केला.

तो शोध दोन वर्षं चालला.

आता ह्यूस्टनचा भूगोल सांगायला हवा. हा सगळा मुलूख भाकरीच्या तव्यासारखा सपाट आहे. चढ म्हणून शोधायला निघालात तर फ्लायओव्हर सापडतो. डोंगर नाही, दगडवाट नाही, ओढा नाही. पावसाळी दिवशी रस्त्याचाच ओढा होतो तेवढाच. त्यावरही वहिनींचं उत्तर तयार असतं. दोन फूट वाहतं पाणी पिकअपलासुद्धा उचलून नेतं, हे अमेरिकेचं हवामान खातं दर पावसाळ्यात कंठशोष करून सांगतं, आणि वहिनी ते पिकअपरावांना जेवताना सांगतात. पिकअपराव मान डोलावतात आणि लॅपटॉप उघडतात.

त्यांच्या एक्सेलच्या तक्त्याला सतरा रकाने होते. मी तो पूर्ण पाहिला आहे, कारण शेजारी असल्याने मला तो दाखवला जाई. आधी प्रश्न जातीचा होता. बॉडी लिफ्ट की सस्पेन्शन लिफ्ट? बॉडी लिफ्टमध्ये चेसी जागच्या जागी राहते आणि वरची बॉडी तेवढी ठोकळे घालून उचलतात. ते स्वस्त, पण पिकअपरावांना ते उंच टाचेची चप्पल घालून उंची सांगण्यासारखं वाटे. सस्पेन्शन लिफ्टमध्ये चेसीसकट सगळं वर जातं. सहा इंची पूर्ण किट घ्यायचं तर हजार-दीड हजार डॉलर लागतात, बसवणाऱ्याची मजुरी वेगळी, आणि एवढं उचलल्यावर जुने टायर हत्तीच्या पायात बाळाचे बूट घातल्यासारखे दिसतात म्हणून पस्तीस इंची टायर आलेच. मोठे टायर घातले की स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो. काटा पासष्टवर आणि गाडी एकाहत्तरने. "म्हणजे पोलिसाने पकडलं तर दंडही लिफ्टच्याच खर्चात धरायचा," असं म्हणून त्यांनी अठरावा रकाना काढला.

मग गॅरेजचं दार. आमच्याकडे घराच्या गॅरेजचं दार साधारण सात फुटी, म्हणजे ८४ इंच. गाडीची मूळ उंची ७७. सहा इंचांची लिफ्ट धरली की ८३. मोठ्या टायरांचे दीड इंच मिळवले की साडेचौऱ्याऐंशी. फक्त अर्ध्या इंचाने घोडं अडलं. रविवारी सकाळी ते शिडीवर चढून टेपने दार मोजताना मला दिसले. दार काही वाढलं नव्हतं. "घरात शिरताना टायरमधली थोडी हवा काढली तर?" त्यांनी वरूनच विचारलं. खालून वहिनी म्हणाल्या, "आणि मी नऊवारी नेसून आत चढायचं कसं, तो रकाना कुठाय?" तो रकाना नव्हता. पायरी बसवायला हवी होती आणि पायरीची किंमत बघताच सहा इंची किटवर कायमची लाल रेघ पडली.

पिकअपरावांना कंजूष म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. कंजूष माणसाचा हात खिशाकडे जातच नाही. यांचा जातो, पण आपण फसलेलो नाही याचा लेखी पुरावा मिळेपर्यंत तिथेच थांबतो. दुकानदाराने "वॉरंटी जाईल" म्हटलं, तर त्यांनी १९७५ चा वॉरंटीचा केंद्रीय कायदा वाचून काढला. बाहेरचा भाग लावला एवढ्या कारणाने कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्या भागामुळेच झाला हे कंपनीने दाखवायला हवं, असं तो सांगतो. हे कलम मी त्यांच्या तोंडून एका सत्यनारायणाला, दोन डोहाळजेवणांना आणि एका मुंजीत ऐकलं आहे. मुंजीत तर बटू भिक्षावळीची झोळी घेऊन पुढे उभा होता.

शेवटी तक्त्याच्या तळाशी त्यांना त्यांचं रत्न सापडलं. पुढच्या दोन स्ट्रटच्या डोक्यावर बसवायच्या धातूच्या चकत्या. जोडीची किंमत साठ डॉलर. आणि खरी गंमत पुढेच. चकती जाडीला इंचभर असली, तरी खालच्या कंट्रोल आर्मच्या तरफेमुळे चाकापाशी गाडी जवळजवळ दोन इंच उचलली जाते. हे कळलं त्या रात्री साडेअकराला त्यांनी माझ्या दाराची बेल दाबली. "एका इंचावर एक इंच फुकट!" त्यांचा आवाज भरून आला होता. डोंबिवलीच्या बाजारात कोथिंबीर फुकट मिळवणाऱ्या पिढ्यान् पिढ्या त्या आवाजात होत्या. पुढे मात्र चार महिने ॲल्युमिनियमच्या चकत्या घ्याव्यात की पॉलियुरेथेनच्या, यात गेले.

तेवढ्यात त्यांचे सासरे आले.

मामा वाळवा तालुक्यातले. तीस वर्षं उसाच्या वाहतुकीत काढलेली. विमानतळावरून घरी येताना 'शुगर लँड' ही पाटी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा ते सीटवर सावरून बसले आणि काच खाली करून दोन्हीकडे बघू लागले. "ऊस कुटं हाय?" ऊस नाही म्हटल्यावर, "मग कारखाना?" इथे साखरेचा मोठा कारखाना खरोखरच होता, गावाला नावही साखरेवरूनच पडलं. पण तिथलं साखर शुद्ध करणं २००३ सालीच बंद झालं. हे ऐकून मामा बराच वेळ गप्प होते. "संचालक मंडळानं खाल्ला आसंल," एवढंच शेवटी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना तक्ता दाखवण्यात आला. मामांनी चष्मा लावला, पहिले तीन रकाने पाहिले आणि चष्मा काढला.

"पाव्हणं, गाडी उचलायची म्हंजी एक पाटा वाढवायचा. झालं की."

"मामा, पुढे पाटे नाहीत हिला. पुढे कॉइल स्प्रिंग आहे."

"पुडं पाटंच न्हाईत? आन् हिला ट्रक म्हंत्यात?"

मग मामा धोतर सावरून गाडीखाली वाकले. मागे पाटे दिसल्यावर त्यांना जरा हुशारी वाटली. पिकअपरावांनी चकत्यांची योजना सविस्तर सांगितली. मामांनी मागच्या हाउसिंगवर बोटाने टकटक केलं. "ही किती वर जाणार?" जरा थांबून पिकअपराव म्हणाले, "ते... तिथेच राहणार." ही गोष्ट किट विकणारा सहसा आपणहून सांगत नाही. सहा इंच उचला नाहीतर दहा, मागच्या एक्सलचा गोळा जमिनीपासून जितका तितकाच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तेही टायर जितका वाढला त्याच्या निम्म्याने. "म्हंजी दगूड लागायचा तितंच लागणार," मामा म्हणाले. "आन् पुडचं उचलून सपाट केलासा, तर माल टाकल्यावर मागलं बसंल. मागं एक पाटा घाला."

"मामा, मी माल कुठे भरतो?"

"ट्रक हाय न्हवं?" म्हणून मामा चहाला आत गेले.

चकत्या मागवल्या. ॲल्युमिनियमच्या, मामांनी "रबरापरास लोखंड बरं" असा कौल दिला होता आणि ॲल्युमिनियम हा मधला मार्ग ठरला. पुढच्या शनिवारी घरासमोर काम सुरू झालं. मामा घडीच्या खुर्चीवर, मी टॉर्च धरायला, पिकअपराव गाडीखाली. पिकअपरावांनी ही कृती इतक्या वेळा पाहिली होती, की ती त्यांना पाठ होती. पाठ नव्हतं ते गंजलेल्या नटाला. तासभर झटापट झाल्यावर मामा म्हणाले, "पान्याला पाइप लावा." पाइप लावताच नट कण्हत सुटला. मग बॉल जॉइंटची पिन अडकली. पिकअपराव हातोडीने पिनीवरच मारायला निघाले, तेव्हा मामा खुर्चीतून उठले. "पिनीला नगा मारू, आटं जातील. नकलला शेजारनं हाणा." दोन घाव नकलवर बसले आणि पिन टपकन खाली आली. त्या क्षणी सतरा-अठरा रकान्यांचा तो तक्ता मला डोळ्यांसमोर दिसला आणि वाईट वाटलं.

संध्याकाळी गाडी चाकांवर उतरली. उंची वाढली की चाकांचे कोन बिघडतात, त्यामुळे सोमवारी अलाइनमेंट करून घेणं भाग होतं. त्याचं बिल किटच्या दुप्पट आलं. हेडलाइटचा रोखही खाली करून घ्यावा लागला, नाहीतर समोरच्याच्या आरशात दिवाळी. पण गाडी आता सपाट झाली होती. पिकअपराव रस्त्याच्या पलीकडे जाऊन, मान वाकडी करून, एक डोळा मिटून तिच्याकडे पाहत राहिले.

कोणाच्याच लक्षात आलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात ते तासभर गाडीशेजारी उभे होते, टायरला ढोसत. शेवटी त्यांनी दोघातिघांना थांबवून स्वतःच विचारलं, "काही फरक वाटतोय?" एक जण म्हणाला, "धुतली वाटतं." दुसऱ्याने "वजन कमी केलंत का?" असं पिकअपरावांनाच विचारलं. त्यावरही ते खूश झाले, पण तेवढ्यावर भागत नाही.

मग गणपती आले. मूर्ती आणि मखर हॉलवर न्यायचं तर मंडळात पिकअप एकच. यंदा जनरेटर होता, दोन स्पीकर होते, आठ ढोल होते, मखराच्या लाकडी फळ्या होत्या आणि कोणीतरी उत्साहाने पाण्याच्या बाटल्यांची चाळीस खोकी मागवली होती. एकेक नग हौद्यात चढत होता आणि मी मागच्या चाकांवरची फट बघत होतो. शेवटी पाटावर मूर्ती ठेवून दोरीने बांधली, तोवर गाडी मागे बसली होती. नाक आभाळात. संध्याकाळी दिवे लावले तेव्हा उजेड रस्त्यावर न पडता समोरच्या ओक वृक्षाच्या शेंड्यावर पडला आणि तिथल्या दोन खारुताया घाबरून पळाल्या. बाप्पा मात्र मागे रेलून ऐसपैस बसल्यासारखे दिसत होते.

मामा काठी टेकून बघत होते. ते काही बोलले नाहीत, आणि तेच पिकअपरावांना सोसवेना. त्यांनी खिशातून टेप काढली. पुढच्या फेंडरची उंची घेतली, मागची घेतली, वजाबाकी केली. त्यांच्या डोक्यात एक कायदा होता. पुढचं फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून उंच असलेल्या गाड्यांवर उत्तर कॅरोलायनाने २०२१ मध्ये बंदी आणली. तिकडच्या पोरांत गाडीची मागची बाजू मुद्दाम खाली पाडायची फॅशन आली होती.

"तीन!" पिकअपराव आमच्याकडे वळून म्हणाले. "तीनच इंच. उत्तर कॅरोलायनातसुद्धा चालेल!"

"हितनं किती लांब हाय ती?" मामांनी विचारलं.

ताशी वीस मैलांनी मिरवणूक हॉलवर पोचली. मागच्या गाडीतल्या वहिनींना वाटेत एकदा वाटलं, की बाप्पा आपल्याकडे बघून हसताहेत. आरती सुरू झाली तेव्हा पिकअपराव दिसेनात म्हणून मी बाहेर आलो. रिकाम्या हौद्याच्या मागे, पार्किंगच्या दिव्याखाली ते उताणे पडले होते. पाय तेवढे बाहेर. आत टाळ्या चालल्या होत्या आणि गाडीखालून मोबाइलचा निळा उजेड येत होता.

"आलास? बरं झालं," खालून आवाज आला. "एक सांग, लांब पाटा एकच घालावा की आखूड जाड? आखूड स्वस्त पडतो, पण गाडी कडक होते म्हणे. मी नवा तक्ता काढलाय."