जर्मनी, परभणी आणि पंधरा अँपियरचा प्लग

मराठवाड्यात गावापेक्षा फाटा मोठा असतो. परभणी जिल्ह्यातला देवगाव फाटा जन्मभर ओलांडणाऱ्या माणसाला विचारा, बाबा, देवगाव नेमकं कोणत्या अंगाला? तो डोकं खाजवेल. फाट्याशी मात्र सगळ्यांचं काम. जालना-मंठ्याकडून आलेला रस्ता इथं दोन मनांचा होतो. एक मन चारठाणा-जिंतूरला जातं, दुसरं सेलू-पाथरी करत परळी-अंबाजोगाईकडं. त्यामुळं इथं थांबलेली गाडी कुणाची, कुठली, कितीला पडली आणि ॲव्हरेज काय देते, ही चौकशी करणं हा फाट्यावरच्या बाकड्यांचा वहिवाटीचा हक्क आहे.

अशा फाट्यावर ऐन एप्रिलात, लग्नाच्या सकाळी, आमची गाडी थांबली. गाडी माझ्या मेहुण्याची. म्हणजे तशी त्याची नव्हे, पण तो खुलासा बाकड्यांनीच करवून घेतला. मेहुणा पुण्यात मोठ्या कंपनीत वरच्या खुर्चीवर. गाडी जर्मन, लांबलचक, आणि प्लग-इन हायब्रिड. म्हणजे पोटात पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोटरही. घरी रात्रभर प्लग लावून ठेवायचा, सकाळी चाळीस-पन्नास किलोमीटर विजेवर जायचं, वीज संपली की इंजिन आपोआप सुरू. मोबाईलसारखी चार्ज होते आणि मोटारीसारखी चालते, असं तो सांगतो. फक्त घरी प्लग हवा. तो नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सॉकेट बसवायचा अर्ज त्यानं गाडी यायच्या आधीच दिला होता. एकाला चार्जिंग दिलं तर उद्या सगळे मागतील, असा मुद्दा सभेत निघाला आणि सगळ्यांनी तो गांभीर्यानं घेतला. तेव्हापासून विषय पुढच्या सभेत आहे.

शोरूमवाल्यांनी बॅटरी भरून दिली होती, ती पहिल्याच आठवड्यात संपली. या लग्नासाठी म्हणून मेहुण्यानं ऑफिसजवळच्या चार्जरवर रांग लावून ती पुन्हा भरून घेतली. ती वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये निम्मी झाली आणि शिक्रापूरला शून्यावर आली. नगरच्या पुढं इमामपूरचा घाट उतरताना पडद्यावर अचानक दोन किलोमीटर जमा झाले. ब्रेक दाबला की मोटरच जनित्र होऊन वीज तयार करते. मेहुणा इतका खूश झाला, की पुन्हा वर चढून उतरावं का, असं विचारू लागला. बायकोनं मागच्या सीटवरून, आहेराच्या पिशव्यांमधून मान बाहेर काढून सांगितलं, “लग्न बारा पस्तीसचं आहे.”

पिशव्या सीटवर होत्या, कारण डिकीत जागा नव्हती. तिथं खाली बॅटरी बसवलेली असते. म्हणून स्टेपनीही नव्हती. हे मला जालना सोडल्यावर कळलं. स्टेपनीशिवाय मराठवाड्यात शिरणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या माणसाला सांगून उपयोग नाही. टायर पंक्चर होऊनही काही अंतर पळतात, असं तो म्हणाला. किती अंतर? तर पुढच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत. पुढचं सर्व्हिस सेंटर मागं संभाजीनगरला राहिलं होतं. जालन्यापासून वाटूर-मंठ्यापर्यंत मी चारही टायरांचा आवाज कान देऊन ऐकत आलो.

आता थांबायचं कारण. टाकीत पेट्रोल भरपूर होतं, सेलू वीसेक किलोमीटरवर. पण मेहुण्यानं सेलूतल्या तमाम नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, की ‘इलेक्ट्रिक गाडी’ घेतली. आता मामाच्या दारात इंजिन घरघरवत कसं जायचं? निदान वेशीपासून मांडवापर्यंत तरी गाडी विजेवर जायला हवी होती. त्यासाठी कुठंतरी प्लग हवा होता.

गाडी थांबताच बाकडी उठून जवळ आली.

“कुठं चाललाव पाव्हणं?”

“सेलूला. लग्नाला.”

“कुठली गाडी व्हय ही?”

“जर्मनीची,” मेहुणा म्हणाला.

“मग बराबर जागी आली,” एक म्हातारबा म्हणाले. “जगात जर्मनी, भारतात परभणी.”

गाडी लाईटवर चालते म्हटल्यावर पोरांनी वाकून नंबरप्लेट पाहिली. “मग पाटी पांढरी कामून? लाईटवाल्याची हिरवी असती.” मेहुण्यानं सांगितलं, की हिरवी पाटी निव्वळ बॅटरीवरच्या गाडीला मिळते, यात इंजिनही आहे. हेच दुखणं करातही आहे. निव्वळ इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी 5 टक्के. ही हायब्रिड, तीही मोठी, म्हणून सप्टेंबर 2025 पर्यंत हिच्यावर सेस धरून 43 टक्के होता आणि आता 40 आहे. राज्याच्या 2025 च्या धोरणात इलेक्ट्रिक मोटारींना समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे, आमचा टोल मात्र कापला गेला होता. भावाचं म्हणाल तर 2016 मध्ये व्होल्वोनं भारतात प्लगवाली एक्ससी 90 आणली, तेव्हाच तिची किंमत सव्वा कोटीच्या घरात होती. थोडक्यात, भाव इलेक्ट्रिकचा, कर पेट्रोलचा आणि कौतुक दोन्हीकडून नाही.

“कितीला पडली?”

इथं मेहुणा अडखळला. “विकत नाही घेतली. लीजवर आहे.” मग त्यानं समजावून सांगितलं. गाडी लीज कंपनीची. आरसी बुकावर नाव तिचं. दरमहा भाडं पगारातूनच, आयकर लागायच्या आधी कापलं जातं, म्हणून परवडतं. विमा-सर्व्हिसिंग त्यातच. तीन वर्षांनी गाडी परत द्यायची किंवा उरलेली किंमत भरून ठेवून घ्यायची.

म्हातारबांनी हिशोब मनात फिरवून पाहिला. “म्हंजे तीन वर्स हप्ते फेडायचे, अन् फेडले की ते गाडी नेतेत?”

“हो.”

“आमच्याकडं हप्ते थकले की नेतेत.”

यावर मेहुण्याजवळ उत्तर नव्हतं. पुढचा प्रश्न आणखी कठीण निघाला. दसऱ्याला हार कुणी घालायचा, मालकानं की ह्यांनी? लिंबू-मिरची कुणाच्या नजरेसाठी? आणि मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ का नाही? मेहुण्यानं कबूल केलं, की लीजच्या गाडीवर काही लिहिता येत नाही, चिकटवता येत नाही, भोक पाडता येत नाही, परत देताना ओरखड्याचेही पैसे घेतात आणि ठरल्यापेक्षा जास्त किलोमीटर झाले तर त्याचे वेगळे. काचेवर आईचा आशीर्वाद नसलेली गाडी एवढ्या लांब सुखरूप आली कशी, याचंच मग बाकड्यांना नवल वाटलं.

प्लग मिळाला रसवंतीत. महाराष्ट्रातल्या कितीतरी रसवंत्यांप्रमाणे हीही नाथांच्या नावाची. चरकाला घुंगरं, शेजारी उसाची मोळी, बर्फ पोत्यात. चरक मोटरवर चालायचा, म्हणून पंधरा अँपियरचं दणकट सॉकेट होतं. रसवंतीवाल्यानं अर्ज मागितला नाही, सभा बोलावली नाही. “लावा की,” एवढंच म्हणाला.

मेहुण्यानं डिकीतून चार्जिंगची केबल काढली. ती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, वर कंपनीचं सील. ब्रिटनमध्ये कंपन्यांनी करसवलतीसाठी घेतलेल्या अशा गाड्या लीज संपल्यावर परत आल्या तेव्हा काहींच्या केबली पिशवीतून निघाल्याच नव्हत्या, असं काही वर्षांपूर्वी वाचलं होतं. युरोपीय आयोगानं 2024 मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची माहिती मांडली, तेव्हा प्लग-इन गाड्यांचा धूर कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघाला. कारण साधं. प्लग असतो, लावत कुणी नाही. आमच्या केबलीचं सील तरी देवगाव फाट्यावर तुटलं.

केबलीच्या मध्यावर विटेएवढी डबी. प्लग लावला तर डबीवर लाल दिवा. मेहुण्यानं पुस्तिका उघडली. इंग्रजी आणि जर्मन. रसवंतीवाल्यानं पुस्तिकेकडं न बघता सांगितलं, “अर्थिंग धरंना. उन्हाळ्यात वाळतंय ते.” तो दुकानामागं गेला. कोपऱ्यात जमिनीतून एक पाइप वर आला होता. त्याच्या बुडाशी ओंजळभर खडे मीठ टाकलं आणि गिलास धुतलेल्या पाण्याची बादली सावकाश ओतली. माती पाणी पीत गेली. तो परत येईतो डबीवरचा दिवा हिरवा झाला होता. जर्मन अभियंत्यांनी अर्थिंग तपासल्याशिवाय वीज न घेण्याची केलेली सोय एका बादलीत समाधान पावली.

मेहुण्याचा मित्र न्यू जर्सीत असतो, त्याचीही गाडी अशीच, लीजवर. अमेरिकेत घरच्या साध्या सॉकेटला 120 व्होल्ट, त्यातून बारा अँपियर ओढले तर तासाला जेमतेम दीड युनिट. आपल्याकडं 230 व्होल्ट आणि पंधरा अँपियर, म्हणजे तासाला तीनच्या वर. देवगाव फाट्याची रसवंती न्यू जर्सीच्या भिंतीपेक्षा दुप्पट वेगानं गाडी भरते, असा मेसेज मेहुण्यानं तिथूनच धाडला. व्होल्टेज खरंच 230 आहे का, हे आम्ही मोजलं नाही.

आम्ही रस पीत बसलो. लिंबू, आलं, बर्फ कमी. दुसरा गिलास येतो न येतो तोच लाईट गेली. डबीवरचा दिवा विझला, मेहुण्याचा चेहराही. रसवंतीवाला मात्र घाईत नव्हता. त्यानं मोटरवरचा पट्टा उतरवला, शेजारच्या डिझेल इंजिनावर चढवला, हँडल मारलं, आणि घुंगरं पुन्हा वाजू लागली. गिऱ्हाइकाच्या गिलासातला फेस मोडायच्या आत हे झालं.

“आमचं बी तुमच्यासारखंच हाय,” तो म्हणाला. “लाईट हाय तवर मोटर, गेली की इंजिन. फकस्त आमचं घरचं हाय, परत देयचं न्हाई.”

मेहुण्यानं त्याला फर्डिनांड पोर्शची गोष्ट सांगितली, की व्हिएन्नात 1900 च्या सुमारास त्या माणसानं इंजिन आणि विजेच्या मोटरी एकत्र जोडून गाडी चालवली होती. रसवंतीवाल्यानं ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, “मग एवढ्या दिवसांत प्लगची सोय कामून न्हाई केली?”

जवळपास दोन युनिट भरली होती. एवढ्या वजनाच्या गाडीला युनिटमागं चारेक किलोमीटर, म्हणजे आठ. मेहुण्यानं पैसे विचारले. मोबाईल चार्ज करायचे दहा रुपये घेतात, हे रसवंतीवाल्यानं गाडीच्या आकाराकडं बघत सांगितलं आणि पन्नास घेतले. रसाचे वेगळे.

पुढं सेलूच्या अलीकडंपर्यंत पेट्रोल, बॅटरी राखून ठेवायचं बटण दाबून. वेस दिसली तशी मेहुण्यानं गाडी विजेवर टाकली आणि आरशात बघून केस सारखे केले. इंजिन थांबलं. गाडी लोण्यासारखी, मुळीच आवाज न करता, मांडवाच्या गल्लीत शिरली.

गल्लीत नवरदेवाची वरात होती. पुढं बँड, मागं वऱ्हाड, मध्ये नाचणारी पोरं. आवाजच नाही म्हटल्यावर मागं गाडी आहे हे कळणार कुणाला? कुणी बाजूला झालं नाही, कुणी वळून पाहिलं नाही. आठ किलोमीटरची वीज त्या वरातीमागं मुंगीच्या चालीनं, एसीसकट, खर्ची पडली. मांडव पन्नास पावलांवर असताना पडद्यावर शून्य आलं, इंजिन एकदम गुरगुरलं, आणि त्या आवाजानं दचकून अख्खं वऱ्हाड दुभंगलं. मामा पुढं आले, कौतुकानं बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “आता चालू झाली व्हय? आम्हाला वाटलं, ढकलत आणायलाव.”

सोसायटीची सभा दोनदा झाली, सॉकेट अजून नाही. गाडी परत द्यायची तारीख मात्र कागदावर पक्की आहे. तोवर कुणाला प्लग-इन गाडी घेऊन परभणीकडं जायचं असेल, तर होळीनंतर आणि मृगाच्या आधी जा. एकदा पाऊस लागला, की रसवंत्या बंद होतात.