आधी फ्लेक्स, मग बारकोड

ग्रंथालय कर्मचाऱ्यांनी प्रकल्प व्यवस्थापन शिकले पाहिजे, यावर आता एकमत झाले आहे. ज्यांना स्वतःला ते शिकायचे नाही अशा मंडळींत हे एकमत झाल्यामुळे ते पक्के आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यशाळा होतात. फोल्डर, पेन, दुपारचे जेवण आणि प्रमाणपत्र मिळते. ज्या वाचनालयात ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई या तिन्ही खुर्च्यांवर एकच बाई बसतात, तिथे त्या दिवशी कुलूप कोण उघडणार, याचे उत्तर मात्र फोल्डरात नसते. अशा न गेलेल्यांसाठी हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम प्रकल्प ओळखायला शिकावे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांनुसार ज्याला आरंभ आहे, अंत आहे आणि ज्यातून आधी नसलेले काहीतरी उभे राहते, तो प्रकल्प. आपल्याकडची खूण सोपी आहे : ज्याचा फ्लेक्स लागतो तो प्रकल्प, बाकी सगळे रोजचे काम.

दिवाळी अंकांचेच बघा. 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि वाचनालयांच्या मागे कायमचे काम लावून दिले. दसरा झाला की गठ्ठे यायला लागतात. प्रत्येक अंक दाखल करायचा, ठरलेल्या पानांवर शिक्के मारायचे, पाठ उसवू नये म्हणून दाभणाने टोचून दोरा घालायचा, वर जाड कव्हर चढवायचे. अंकांची वर्गणी वेगळी, पावतीपुस्तक वेगळे. शंभर अंक, अडीचशे सभासद, आणि प्रत्येकाला हवा असतो तो कालच दुसऱ्याने नेलेला अंक. काउंटरवरच्या निर्गम सहाय्यक बाईंना सगळे तोंडपाठ असते. कोण फक्त राशिभविष्यापुरता अंक नेतो, कोणाच्या घरी 'आवाज'च्या खिडक्या उचकटल्या जातात, कोणाला दोन दिवसांची मुदत सांगून मनात चार दिवस धरायचे. "काका, अंक देते, पण कोपऱ्यावरच्या काकू वाट बघतायत. परवा सकाळी आणून देता ना?" एवढ्या एका वाक्यात वेळापत्रक, साधनवाटप आणि पाठपुरावा उरकतो. संक्रांतीपर्यंत बहुतेक अंक बहुतेक घरे फिरून आलेले असतात. याचा फ्लेक्स कोणी लावत नाही. त्यामुळे हा प्रकल्प नव्हे, आणि बाईंना व्यवस्थापन अजून शिकायचे आहे.

शिकण्यासाठी संगणकीकरण घ्यावे. समजा तालुक्याचे गाव आहे, अठरा हजार ग्रंथ आहेत आणि एक संगणक आहे, ज्यावर सध्या टेबलक्लॉथ आहे. संगणकप्रणाली फुकट मिळते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० सालापासून सगळ्यांना मोकळी असलेली 'कोहा' आहे. फुकट असल्यामुळेच कार्यकारी मंडळाचा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. शिवाय कार्यवाहांचा भाचा 'पंधरा हजारांत एकदम झकास' करून देतो म्हणाला आहे. इथे कार्यशाळेत शिकवलेली 'विक्रेता निवड' ही पायरी पूर्ण झाली असे समजावे.

पुढे त्रिकोण येतो. व्याप्ती, वेळ आणि खर्च या त्याच्या तीन बाजू. एक ओढली की बाकीच्या दोन हलतात. आपल्या त्रिकोणात खर्च वाचनालयाचा वर्ग ठरवतो, कारण १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मिळणारे अनुदान अ, ब, क, ड या वर्गावर बेतलेले असते आणि ग्रंथपालाचा पगारही त्यातूनच निघतो. वेळ ३१ मार्च ठरवतो. व्याप्ती अध्यक्ष ठरवतात, तेही शुभारंभाच्या भाषणात, पाहुण्यांकडे बघून : "लवकरच आपल्या वाचनालयाचं मोबाइल ॲपसुद्धा येतंय!" टाळ्या पडतात. तिन्ही बाजू दुसऱ्यांनी आखून दिल्या, की त्रिकोणाच्या आतली जागा सबंध ग्रंथपालाची.

अनुदान केव्हा येईल याचा अंदाज बांधण्यासाठी 'पर्ट' हे तंत्र वापरावे. अमेरिकी नौदलाने १९५८ साली ते पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी घडवले, तेव्हा आपल्या हप्त्यालाही ते झेपेल. तीन अंदाज घ्यायचे. आशावादी : एप्रिलपासून पाच महिन्यांनी. बहुधा : दहा महिन्यांनी. निराशावादी : बारा महिन्यांनी, म्हणजे ३१ मार्चच्या संध्याकाळी. मधल्याला चौपट वजन द्यायचे, बेरीज करायची, सहाने भागायचे. पाच अधिक चाळीस अधिक बारा, सत्तावन्न. भागिले सहा, साडेनऊ. म्हणजे जानेवारीचा मध्य. उत्तर शास्त्रशुद्ध आहे. ते भिंतीवर लावावे आणि वाळवीचे औषध उधारीवर आणावे.

हेन्री गँट यांच्या नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा तक्ताही करायचा असतो. एप्रिल ते फेब्रुवारी 'पत्रव्यवहार' ही एक लांब पट्टी काढावी. उरलेल्या सगळ्या पट्ट्या मार्चमध्ये एकावर एक रचाव्यात.

आता प्रत्यक्ष काम. दाखल नोंदवही उघडावी. ही जाड, लाल कापडी पाठीची वही आडवी उघडली की टेबल संपते. दाखल दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, बिल क्रमांक, आणि अगदी उजवीकडे चिंचोळा रकाना : शेरा. नवशिके लेखक-शीर्षकापासून टंकायला लागतात. जाणकाराने शेऱ्यापासून सुरुवात करावी, कारण संस्थेचा इतिहास तिथे आहे. 'जीर्ण.' 'गहाळ.' 'बांधणीस दिले', पुढे तारीख, आणि बांधणीवाल्याला जाऊन वीस वर्षे झालेली. एकाच हस्ताक्षरात ओळीने अकरा वेळा 'माजी अध्यक्षांकडे'. या अकरा ग्रंथांना प्रणालीत 'उपलब्ध' म्हणावे की 'गहाळ', हा तांत्रिक प्रश्न वाटतो, पण माजी अध्यक्षांचे चिरंजीव सध्या कार्यकारी मंडळात आहेत. 'देवघेवीत' असे लिहावे. ते खोटे नाही.

लेखकाचे नाव हे पुढचे प्रकरण. तीन उन्हाळी सुट्ट्यांत कॉलेजच्या तीन मुलांनी नोंदी केल्या, की देशपांडे पु. ल., पु. ल. देशपांडे आणि देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण हे तीन लेखक तयार होतात, आणि वाचकाला त्यांतल्या एकाचीच पुस्तके सापडतात. कुसुमाग्रज कवितेच्या कपाटात, वि. वा. शिरवाडकर नाटकाच्या, संगणकाला त्यांची ओळख करून द्यायला कोणी सवड काढलेली नसते. एकाच लेखकाच्या दोन नावांना जोडणाऱ्या नोंदी करायच्या असतात हे मुलांना माहीत नसते, आणि ज्यांना माहीत असते त्या बाई तेव्हा उन्हाळी शिबिराच्या खुर्च्या मांडत असतात.

भाच्याने सगळे टंकन त्याच्या आवडत्या जुन्या फॉन्टमध्ये केलेले असेल, तर यादी त्याच्या संगणकावर मराठी दिसते आणि वाचनालयाच्या संगणकावर ती इंग्रजी अक्षरे, टोप्या आणि अर्धचंद्र यांची कोशिंबीर होते. मग युनिकोडमध्ये रूपांतर. रूपांतरात रफार उडतात, पोटफोडे ष पोट सावरून ष्ट होतात. ते निस्तरले की अकारविल्हे क्रम येतो. आपल्या कोशांत ळ, क्ष, ज्ञ ही मंडळी शेवटी, ह नंतर बसतात. संगणकाला शिकवले नसेल तर तो ळ ला ल च्या शेजारी बसवतो आणि क्ष ला क च्या घरात घालतो. 'क्ष-किरण' कुठे गेले म्हणून विचारणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांना हे समजावून सांगण्यास दीड दिवस धरावा. पट्टी काढायला विसरू नये.

या निमित्ताने जीर्ण ग्रंथ बाद करावेत, असा मोह होतो. तो आवरावा. वर्ग टिकवायला किमान ग्रंथसंख्या लागते. मुखपृष्ठ नसलेली, पान सतरापासून सुरू होणारी आणि खुनी कोण हे सांगायच्या आत संपणारी रहस्यकथा कोणी वाचत नाही, पण मोजणीत ती एक ग्रंथ आहे. तिलाही बारकोड लावावा. हे वाचून हसू आले तर तपासणीच्या दिवशी ग्रंथपालाच्या जागी उभे राहून बघावे.

हितसंबंधीयांचे कोष्टक करायला कार्यशाळेत सांगतात : कोणाची सत्ता किती, कोणाला रस किती. अध्यक्षांची सत्ता भरपूर, रस उद्घाटनापुरता. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांचा रस चार्जिंगच्या पॉइंटात. बारकोड यंत्रासाठी त्यातला एक काढून घेतलात तर कळेल. वृत्तपत्रांच्या टेबलावर पंख्याखालची खुर्ची धरून बसणारे आजोबा सत्ताहीन वाटतात. पण ते १९७४ पासूनचे आजीव सभासद असतात, वार्षिक सर्वसाधारण सभेला न चुकता येतात आणि हिशेबाच्या पानावर बोट ठेवून विचारतात, "हे पंधरा हजार कसले?" भाच्याचे बिल मंजूर करायचे असेल तर पंखा आधी दुरुस्त करावा.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे दिली. त्यांतले चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. कार्यकारी मंडळाच्या सभेचा वेळ वाचवण्याविषयी एकही नाही, यावरून त्यांना या क्षेत्राच्या मर्यादा ठाऊक होत्या असे दिसते.

जोखमींची नोंद ठेवावी : पाऊस, वाळवी, वीज, निवडणूक आचारसंहिता. भाच्याला पुण्यात नोकरी लागणे ही सर्वांत मोठी जोखीम, आणि ती हमखास फेब्रुवारीत प्रत्यक्षात येते. त्यानंतर उरलेल्या सहा हजार नोंदी दुपारी एक ते चार, वाचनालय बंद असताना, काउंटरवरच्या त्याच बाई करतात. त्या एकाही सभेला आलेल्या नसतात, तक्ता त्यांनी पाहिलेला नसतो. त्या रोज शंभर नोंदी करतात, कपाटागणिक, आणि संपलेल्या कपाटाच्या दारावर खडूने टिंब काढतात.

काम पुरे झाल्यावर प्रकल्प हस्तांतर करायचे असते. फोटोत अध्यक्ष, पाहुणे, कार्यवाह आणि व्हिडिओ कॉलवर भाचा असावा. उपयोगिता प्रमाणपत्रावर सही घ्यावी. प्रणालीचा पासवर्ड दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावा, आणि पुढच्या शेरा रकान्यात 'संदर्भ ग्रंथ, घरी नेता येणार नाही' हा शिक्का मारावा.